उंचीवालं घड्याळ टेबलावर पडल्या पडल्या तीस मीटर 'चढतंय'. सेन्सर बदलू का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे उंची, हवेचा दाब आणि होकायंत्र दाखवणारं, डोंगरात वापरायचं जाडजूड घड्याळ आहे. दादाने जीपीएसवालं नवं घेतलं आणि हे माझ्या वाट्याला आलं. मला ते मनापासून आवडतं. रोज चार्जिंगला लावायची कटकट नाही, मागच्या झाकणाच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की सेल आपला आपण बदलता येतो, आणि खडकावर आपटलं तरी ढिम्म हलत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाशी भांडायचं नाहीये, घड्याळाचं काय करायचं एवढंच ठरवायचंय.

तर तक्रार अशी. घर नाशिकला. घड्याळ टेबलावर ठेवलेलं. सकाळी दहाला ते ५८५ मीटर दाखवतं. दुपारी चारला बघावं तर ६१०, कधी ६१५. रात्री जेवणं आटोपेपर्यंत पुन्हा खाली. हे एप्रिलच्या कोरड्याठाक दिवसांत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. घर काही जागचं हललेलं नाही.

मे महिन्यात कळसूबाईला गेलो. सकाळी सातला बारी गावात नकाशावर बघून उंची नीट लावली. माथ्यावर दहा-साडेदहाला पोचलो तर आकडा १५८० च्या आसपास, म्हणजे १६४६ ला साठ-पासष्ट मीटर कमी. गंमत म्हणजे चार वाजता बारीत उतरलो तेव्हा हेच घड्याळ सकाळच्यापेक्षा वीसेक मीटर जास्त दाखवत होतं. वर कमी आणि खाली जास्त!

भरीस भर म्हणून मोबाईलवरचं एक ॲप घरातच ५२० दाखवतं. आणि परवा मुंबईहून येताना कसारा घाटात एसटीत या घड्याळाचा वादळाचा अलार्म कोकलला. शेजारचे आजोबा झोपेतून दचकले आणि उरलेला घाटभर माझ्या मनगटाकडे संशयाने बघत बसले.

एका सर्व्हिस सेंटरात दाखवलं. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला: 'सेन्सर गेलाय, आतलं सगळं बदलावं लागेल, साडेसात हजार.' शिवाय पावसाळ्यात कोकणातून आल्यावर काचेत आतून वाफ धरते आणि पट्ट्याला चिरा गेल्यात, ते वेगळंच.

जाणकारांनी सांगावं. पैसे घालू, की नाद सोडू?

डोंगरझिंगाट

नाद सोडा आणि सरळ जीपीएसवालं घ्या. वाफेसाठी रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा, सकाळी लख्ख. आजोबांचं वाचून मेलो.

दाबमापक

गोदाकाठची, घड्याळ कुठेही देऊ नका. साडेसात हजारात दोघाजणांचा चांगला ट्रेक होतो.

मी हवामान खात्यात निरीक्षक होतो. नोकरीची बरीच वर्षं बॅरोग्राफच्या सहवासात गेली. आताच्या मुलांनी तो पाहिलेला नसतो म्हणून सांगतो. काचेच्या पेटीत एक ड्रम, आत चावीचं घड्याळ, ड्रमभोवती आठवड्याचा छापील कागद आणि त्यावर टेकलेली बारीक शाईची निब. ड्रम आठवड्यात एक फेरा घेतो, निब दाबाबरोबर वरखाली होते. सोमवारी कागद काढून नवा गुंडाळायचा, निबेत थेंबभर शाई घालायची, चावी द्यायची. उतरवलेल्या कागदावर सात दिवसांची एकच जांभळी रेषा, आणि त्या रेषेला रोज दोन उंचवटे, दोन खळगे. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यांत वर. दुपारी चारला सगळ्यांत खाली. रात्री दहाला पुन्हा वर, पण सकाळपेक्षा कमी. पहाटे चारला पुन्हा खाली. उन्हाळा असो वा थंडी, हे चुकत नाही. पावसाळ्यात उंचवटे जरा दबतात, पण असतातच.

तुमच्या घड्याळाने दहा आणि चार हेच आकडे पकडलेत. मला वाचतानाच हसू आलं. सेन्सर गेलेला असता तर त्याला वेळ कशी कळली असती?

याचं कारण ऊन. वरच्या थरातला ओझोन आणि खालच्या हवेतली वाफ सूर्याची उष्णता शोषतात, आणि त्या तापण्या-निवण्याने सगळ्या वातावरणात लाटा उठतात. त्यातली बारा तासांची लाट सर्वांत ठळक. समुद्राची भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राची, ही सूर्याची. विषुववृत्ताकडे ती जोरात असते आणि ध्रुवाकडे जाताना विरत जाते. हम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत फिरत होता तेव्हाच त्याने लिहून ठेवलं होतं की उष्ण प्रदेशात बॅरोमीटर बघून वेळ सांगता येते.

आता आकडे बघू. आपल्या भागात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब साधारण तीन ते चार हेक्टोपास्कलने उतरतो. नाशिकच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे नऊ मीटर. झाले की तुमचे पंचवीस-तीस मीटर! घड्याळाला बिचाऱ्याला एवढंच कळतं की दाब उतरला. दाब दोन कारणांनी उतरतो, आपण चढलो म्हणून किंवा हवा बदलली म्हणून. यातलं कुठलं, ते त्याला कुणी सांगत नाही.

कळसूबाईचा हिशेब वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडला. ही घड्याळं दाबावरून उंची काढताना एक 'प्रमाण वातावरण' गृहीत धरतात. त्यात समुद्रसपाटीला १५ अंश तापमान आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश घट. म्हणजे बाराशे मीटरवर त्यांच्या मते सात अंश! मे महिन्यात तिथे सकाळीच सत्तावीस-अठ्ठावीस असतात. हवा वीस अंश जास्त गरम, म्हणजे तेवढीच पातळ, म्हणजे तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. फरक सात टक्क्यांचा. बारीपासून माथ्यापर्यंत साडेआठशे-नऊशे मीटर चढ धरला तर साठेक मीटर घड्याळ खाऊन टाकतं. त्यात सात ते दहा या वेळात दाब वर जात होता, त्याचे आणखी पाच-दहा. तुमचा १५८० बरोबर बसतो. उतरताना गरम हवेचा घोळ जसा चढला तसाच उतरला, म्हणून बारीत फक्त दुपारच्या खळग्याचे वीस उरले. तुमच्या नोंदी इतक्या स्वच्छ आहेत की मी तुम्हाला खात्यात घेतलं असतं.

हाच ट्रेक डिसेंबरच्या पहाटे करा, तूट निम्म्यावर येईल.

मोबाईलचं ॲप खोटं बोलत नाही, ते दुसऱ्याच पृष्ठभागापासून मोजतंय. उपग्रह जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, लंबगोलापासूनची. खरी समुद्रसपाटी त्या आकाराशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती शंभर मीटरहून जास्त खाली बसली आहे, आणि आपल्याकडे साठ-एक मीटर. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. जुहूच्या वाळूत उभं राहून मोबाईल उणे साठ दाखवतो तो त्यामुळेच. तुमचे ५८५ आणि ५२० यांतला फरक बघा.

तर घड्याळ कसं वापरायचं? उंची जिथे माहीत आहे तिथे लावून घ्यायची, आणि पुन्हा माहितीची जागा आली की पुन्हा लावायची. त्यासाठी मला सगळ्यांत आवडणारी सोय म्हणजे रेल्वे स्टेशन. फलाटाच्या टोकाला जी पिवळी पाटी असते, तिच्यावर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कसारा, इगतपुरी, कर्जत, कुठेही उतरा, गाडी सुटेपर्यंत घड्याळ लावून होतं. पुढे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर शिखरांच्या आणि काही खिंडींच्या उंच्या आहेतच. जानेवारीत लावलेलं घड्याळ जुलैत तसंच वापरू नका. पावसाळ्यात समुद्रसपाटीचा दाबच हिवाळ्यापेक्षा दहाएक हेक्टोपास्कलने कमी असतो, म्हणजे तुम्ही घरबसल्या ऐंशी-नव्वद मीटर वर गेलेल्या असता.

अलार्मचंही यातच आलं. बहुतेक घड्याळांत तीन तासांत चार-पाच हेक्टोपास्कल उतरले की वादळाचा अलार्म वाजतो. कसारा घाट तीनेकशे मीटर चढतो. दाब तीस-एक हेक्टोपास्कलने पडला, घड्याळाला वाटलं चक्रीवादळ आलं. प्रवासात ते उंचीच्या मोडवर ठेवा, मुक्कामाला पोचलं की दाबाच्या. आजोबांची झोप वाचेल.

एक शेवटचं, मग थांबतो. मुक्कामी दाबावरून हवेचा अंदाज घ्यायचा असेल तर आत्ताच्या आकड्याची तीन तासांपूर्वीच्या आकड्याशी तुलना करू नका. आपल्याकडे रोजचे उंचवटे-खळगेच त्याहून मोठे असतात. कालच्या चारची आजच्या चारशी करा. खात्यातही आम्ही चोवीस तासांचा फरकच बघायचो.

सेन्सर ठीक आहे याची खात्री करायची असेल तर सात-आठ मजल्यांची लिफ्ट शोधा. खालून वर गेल्यावर मजल्याला तीन मीटर या हिशेबाने आकडा चढला पाहिजे. लिफ्ट नसेल तर झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत हवेसकट घड्याळ बंद करा आणि पिशवी हळूच दाबा. उंची झरझर खाली यायला हवी.

फिरस्ता बर्गन

दाबमापक काका, दंडवत. मी नॉर्वेत पश्चिम किनाऱ्यावर असतो. पुण्याहून येताना आणलेलं असंच घड्याळ इथे वापरतो आणि तुमचे दोन उंचवटे मला इथे कधीच दिसले नाहीत. आता कळलं का ते. इथे हिवाळ्यात अटलांटिकवरून एक वादळ आलं की दिवसभरात पंचवीस-तीस हेक्टोपास्कल उतरतात. त्या घसरगुंडीत तुमची सूर्याची लाट कुठल्या कुठे जाते. वादळाचा अलार्म इथे खरोखर कामाचा आहे. वाजला की आम्ही निमूट परत फिरतो.

अवांतर: कॅसिओच्या काही घड्याळांत रेडिओवरून वेळ आपोआप लावायची सोय असते. इथे रात्री जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनचा संकेत व्यवस्थित पकडतं. पुण्यात खिडकीत ठेवून ठेवून कंटाळलो होतो, एकदाही लागलं नाही. लागणार कसं, केंद्रं आहेत जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान आणि चीनमध्ये. भारतात असं घड्याळ घेणाऱ्यांनी त्या एका सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

घड्याळवाला कोल्हापूर

दाबाचं काकांनी सांगितलं, माझं क्षेत्र वाफेचं.

आधी तांदूळ. डोंगरझिंगाट भाऊ, राग मानू नका, पण तांदळातून काढलेली घड्याळं माझ्याकडे येतात तेव्हा बटणांच्या फटीत पांढरी पावडर बसलेली असते. तांदळाला ओल ओढायची ताकद नाही म्हटलं तरी चालेल, आणि पावडर मात्र नक्की आत जाते. दाबाच्या सेन्सरचं छिद्र असलेल्या घड्याळाला तर मुळीच नको. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या साठवा. हवाबंद डबा, चार-पाच पुड्या, घड्याळाचा सेल काढून झाकण उघडं ठेवून आत एक-दोन दिवस. हेअर ड्रायर नको.

वाफ का धरते? दोन कारणं. पहिलं, मागच्या झाकणाची रबरी रिंग. तुम्ही स्वतः सेल बदलता हे उत्तम, पण दर वेळी रिंग बाहेर काढून बघता का? तिच्यावर एक केस किंवा टॉवेलचा धागा अडकला तरी पाण्याला वाट मिळते. रिंग चपटी झाली असेल, तडकली असेल तर बदला, काही रुपयांचं काम आहे. बसवण्याआधी सिलिकॉन ग्रीसचा बोटाला जेमतेम लागेल एवढा हात फिरवायचा. व्हॅसलिन नको, रबर फुगतं. झाकण खुणेपर्यंतच फिरवायचं. 'अजून थोडं घट्ट' म्हणून जोर लावणाऱ्यांच्या झाकणांच्या खाचा तुटतात.

दुसरं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही. सेल बदललात जुलैच्या भर पावसात, दमट खोलीत. तीच ओली हवा आत कोंडली. मग वर गार वाऱ्यात काच निवली की आतून धुकं. रिंग चांगली असूनही होतं हे. सेल बदलायचा तो हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात एसीत बसून बदलून टाका, सेल अर्धा शिल्लक असला तरी. सेल बंद पाकिटातला घ्या, रस्त्यावरच्या पुडीतला नको. सुंटो कोरसारख्या घड्याळांना सीआर २०३२ लागतो, तुमच्याला कुठला ते झाकणावर किंवा जुन्या सेलवर कोरलेलं असेल.

सेन्सरचं छिद्र: यात टाचणी, सुई, काडी, काहीही घालायचं नाही. आत पातळ पडदा असतो. घाम सुकून मीठ बसतं, त्यावर लाल माती बसते, मग आकडा तासन्‌तास एकाच जागी चिकटतो आणि अचानक उडी मारतो. तसं झालं तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून घड्याळ बुडवून ठेवा, मग नळाच्या बारीक धारेखाली धुवा. पाण्यात असताना बटणं दाबायची नाहीत. ३० मीटर पाणीरोधक लिहिलंय म्हणजे तीस मीटर खोल बुडी मारा असा अर्थ नाही. पाऊस, हात धुणं, ओढा ओलांडणं इथपर्यंत ठीक. धबधब्याच्या धारेखाली मनगट धरू नका. समुद्रावरून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

आणि डास पळवायचे ते डीटवाले स्प्रे. हाताला फवारता तेव्हा घड्याळ काढून ठेवा. डीट प्लास्टिक विरघळवतं. काच प्लास्टिकची असेल तर ती धूसर होते आणि मग पॉलिश करूनही पहिल्यासारखी येत नाही.

पट्ट्याचं: चिरा पडणं हा तुमचा दोष नाही. हे रेझिनचे, पॉलियुरेथेनचे पट्टे दमट हवेत आतल्या आत कुजतात. कपाटात न वापरता ठेवलेलाही ठिसूळ होतो. नायलॉनचा घ्या, दोन पिनांच्या खालून एकसंध जाणारा. एक पिन निसटली तरी घड्याळ दरीत जात नाही. फक्त घाम धरतो, दर ट्रेकनंतर धुवावा लागतो, नाहीतर शेजारचा माणूस लांब बसेल.

माणगावकर

वादळाच्या अलार्मला सरसकट नावं ठेवू नका हो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं तेव्हा माझं घड्याळ हातात होतं. आम्ही घरात दारं-खिडक्या लावून बसलेलो. पहाटेपासून दाबाची रेषा खाली, खाली. काका म्हणतात तो सकाळी दहाचा उंचवटा त्या दिवशी आलाच नाही, उलट त्या वेळेला उतार आणखी सरळ झाला. अलार्म वाजला. टीव्ही, मोबाईल सगळं बंद पडल्यावर ती एक रेषाच बघत होतो. दुपारनंतर ती वळली आणि वर चढायला लागली तेव्हा मी आईला म्हटलं, आता केंद्र गेलं पुढे. पत्रे त्यानंतरही उडत होते.

पण वळवाच्या पावसाचा अंदाज त्याला मुळीच येत नाही. वीज कडाडते, गारा पडतात आणि घड्याळ ढिम्म.

दाबमापक

माणगावकर, बरोबर. वळवाचा ढग चार-पाच कोसांचा असतो, तास-दीड तासात उभा राहून कोसळून जातो. त्याने दाबात पडणारा फरक एक-दोन हेक्टोपास्कलचा, तोही ढग डोक्यावर आल्यावर. अलार्मची तीन तासांची चाळणी त्यासाठी नाहीच. एप्रिल-मेमध्ये आणि परतीच्या पावसात डोंगरावर असाल तर दुपारी पूर्वेकडे बघत राहा. फुलकोबीसारखे ढग वरून सपाट व्हायला लागले की कड्यावरून, माथ्यावरून खाली उतरा. सह्याद्रीत अशा दिवसांत वारा बघावा तो खालून नव्हे, वरच्या थरातला. तो बऱ्याचदा पूर्वेचा असतो आणि देशावर वाढलेले ढग घाटमाथ्याकडे ढकलतो. या कामाला मनगटावरचं काहीही उपयोगाचं नाही.

दाबाची रेषा दुपारनंतर वळली हे आईला सांगितलंत, हे फार छान केलंत.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. पुन्हा पुन्हा वाचतेय.

आमच्या ऑफिसची इमारत आठ मजली आहे. लिफ्टमधून वर गेले, तेवीस-चोवीस मीटर चढले, खाली आले तर परत पहिल्या आकड्यावर. पिशवीचा प्रयोग केला तेव्हा आकडा असा घसरला की दादा म्हणाला, 'गोदावरीच्या तळाला गेलीस.' सर्व्हिस सेंटरला नको म्हणून कळवून टाकलं. त्यांनी विचारलंही नाही का ते.

रिंगेवर खरंच एक धागा होता. निळा, बहुतेक माझ्याच सॅकचा.

आता एकच शंका राहिली. कळसूबाईच्या शिड्यांपाशी होकायंत्र भलतीच दिशा दाखवत होतं. माथ्यावर देवळापाशी बरं होतं, मग थोडं पुढे एका खडकावर टेकले तर पुन्हा वीसेक अंश फिरलं. हे तरी बिघडलंय का?

दाबमापक

नाही. शिड्या लोखंडाच्या. त्यांच्यापासून दहा पावलं लांब जाऊन बघायचं. किल्ल्यांवर तोफांपाशीही हेच होतं. आणि तुमच्या सॅकच्या छातीच्या पट्ट्याला किंवा पाण्याच्या नळीला चुंबकाची क्लिप आहे का बघा. मोबाईलच्या कव्हरलाही चुंबक असतं हल्ली. मनगट छातीजवळ आणून दिशा बघायची सवय असेल तर आधी ते तपासा.

खडकाचं मात्र निराळं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. लाव्हा थंड होताना त्या वेळचं चुंबकत्व त्यात गोठून बसलंय. वर माथ्यावरच्या उघड्या खडकावर वीज पडली की तेवढा तुकडा जोरदार चुंबक होतो. खडकावर टेकून बघाल तर सुई भरकटते. उभं राहून, मनगट खडकापासून लांब धरून बघा, आणि एकाच जागेवर विसंबू नका. चार पावलं सरकून पुन्हा बघितलं आणि दोन्ही आकडे जुळले तर धरा.

सेल बदललात की होकायंत्र नव्याने जुळवून घ्या. मोकळ्या मैदानात, मोटारसायकलपासून लांब, घड्याळ सांगेल तसं फिरवत. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक महाराष्ट्रात एका अंशाच्या आतबाहेर आहे, तो शून्य ठेवलात तरी कुठल्या गावाला चुकून पोचणार नाही. बर्गनच्या पाहुण्यांनी मात्र तिकडचा आकडा बघून घालावा.

डोंगरझिंगाट

तांदळाचा सल्ला मी मागे घेत नाही, आईला सांगितलंय मी की तो शास्त्रीय आहे. बाकी हा चर्चेचा धागा जपून ठेवला. दादांचं जीपीएसवालंही असंच धुवायचं का हे कुणी सांगेल?

घड्याळवाला कोल्हापूर

धुवायचं तसंच. फक्त मागच्या चार्जिंगच्या पितळी टिकल्यांवर घामाचं मीठ असताना चार्जरला लावू नका. ओल्या टिकल्यांतून वीज गेली की त्या हिरव्या पडतात, मग चार्ज होणं बंद. धुवा, पुसा, सुकू द्या, मग लावा. टिकली काळी पडली असेल तर कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन पुसा. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी निम्म्यावर ठेवून बंद करून ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका.

गोदाकाठची ताई, पट्टा मागवण्याआधी दोन पिनांच्या टोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून इथे टाका. काही घड्याळांना साधी पिन बसते, काहींना कंपनीचा वेगळा स्क्रू लागतो. फोटो टाकलात तर लगेच सांगतो.